16, 32 की 64? नवीन कॉम्प्युटरच्या रॅमचा घोळ

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि मी बराच काळ पुढे ढकललेलं काम अंगावर आलं. घरचं मशीन म्हणजे चौथ्या पिढीचा आय5, एच81 चा मदरबोर्ड, डीडीआर3 ह्या जुन्या पिढीच्या 4-4 जीबीच्या दोन स्टिक म्हणजे एकूण 8 जीबी रॅम (चालू काम जिथे राहतं ती मेमरी), विंडोजसाठी 120 जीबीची एसएसडी आणि बाकी सगळा पसारा 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, आमच्याकडे दोन्हीच्या नावाने बोंब. मायक्रोसॉफ्टने वर्षभराचे जादा सिक्युरिटी अपडेट ठेवलेत, ऑक्टोबर 2026 पर्यंत, ते घेऊन अजून थोडं रेटता आलं असतं, पण बायको त्याच मशीनवर लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरते, तिने सरळ सांगितलं की क्लायंटचे पॅन नंबर आणि बँकेचे तपशील मी असल्या मशीनवर ठेवणार नाही. मग नवीनच घ्यायचं.

प्रोसेसर, बोर्ड, कॅबिनेट, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) हे सगळं एका संध्याकाळी ठरलं. अडलं ते रॅमवर. खरंतर सगळ्यात सोपं हेच वाटतं, 8, 16, 32, 64, चार आकडे आहेत, एकावर बोट ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. पण ज्याला विचारावं त्याचा आकडा वेगळा, आणि तोच आकडा का ते कुणीच सांगत नाही. ऑफिसातला मित्र म्हणे 16 च्या वर घेणं म्हणजे निव्वळ हौस. भाचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो म्हणाला, "मामा, तू 64 च घे, 32 ला आता काही अर्थ नाही." मायक्रोसॉफ्टला विचाराल तर विंडोज 11 साठी कमीत कमी 4 जीबी, आणि त्याच मायक्रोसॉफ्टचे ते नवीन कोपायलट प्लसवाले लॅपटॉप आहेत त्यांना कमीत कमी 16. म्हणजे एकाच कंपनीचे दोन आकडे आणि दोन्ही "कमीत कमी". अॅपलने ऑक्टोबर 2024 मध्ये मॅकबुकचा पाया 8 वरून 16 वर नेला, त्याआधी वर्षानुवर्षं 8 भरपूर आहे म्हणून सांगत होते.

मी म्हटलं ह्यांचं राहू दे, आपल्या घरात काय चालतं ते आधी बघू.

बायकोचं काम सांगितलं तसं टॅक्सचं. एक्सेलच्या फायली, पोर्टल, पीडीएफ, आणि क्रोममध्ये इतके टॅब की नावं दिसत नाहीत, नुसती चित्रं दिसतात. माझं काम जरा वेगळं आहे. आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात बांधणी केलेली जुनी मासिकं आहेत, कागद इतका पिवळा आणि ठिसूळ झालाय की पान उलटताना तुकडा हातात येतो, तर आम्ही तिघंचौघं मिळून ती स्कॅन करतो. (कॉपीराइटचं म्हणाल तर आपल्याकडे लेखक गेला की त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची, त्यामुळे सगळं नाही टाकता येत कुठे, पण जपून तरी ठेवता येतं.) स्कॅनिंग दुसरा एक जण करतो, फायली माझ्याकडे येतात आणि मी त्या स्कॅन टेलरमध्ये घालून पानं सरळ करणं, कडा कापणं, पिवळा रंग काढणं वगैरे करतो आणि मग टेसरॅक्टने मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्याचा मजकूर करणं.

आता ह्या कामात मेमरी कुठे जाते ते कागदावर मांडता येतं, आणि मी ते मांडलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न नुसता अंदाजाचा नाहीये. ए4 पान 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केलं की ते होतं 4960 गुणिले 7016 पिक्सेल, म्हणजे साधारण 3 कोटी 48 लाख पिक्सेल. रंगीत असेल तर एका पिक्सेलला 3 बाइट. झाले 104 एमबी. फाइल डिस्कवर जेपेग म्हणून 8-10 एमबीची असेल, त्याचा काही उपयोग नाही, रॅममध्ये ती उघडली की पूर्ण 104 एमबी. वर सॉफ्टवेअर एकच प्रत ठेवत नाही, मूळ, ग्रे केलेली, सरळ केलेली, शेवटची, अशा तीनचार प्रती एकावेळी मेमरीत असू शकतात, म्हणजे एका पानाला अर्धा जीबी धरून चाला. मासिकात 200 पानं असली तरी ती सगळी एकदम उघडत नाहीत, पण एकावेळी किती उघडतात हा खरा प्रश्न आणि त्याकडे मी नंतर येतो, कारण तिथेच सगळा हिशोब फिरला.

त्याआधी जुन्या मशीनवर मोजायला सुरुवात केली. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघायची हे सगळे सांगतात आणि सगळे तिथे टक्के बघतात. 8 जीबीच्या मशीनवर ते टक्के कायम ऐंशीच्या पुढेच असतात, त्यातून कळत काहीच नाही, कारण विंडोजला जेवढी रॅम द्याल त्या मानाने तो पसरतो, मोकळी दिसली की जुन्या फायली तिच्यात हाताशी धरून (कॅश करून) ठेवतो, कमी पडली की प्रोग्रॅमची मेमरी दाबून कॉम्प्रेस करतो नाहीतर पेजफाइलमध्ये (डिस्कवर रॅमची बदली जागा असते ती) ढकलतो. 8 च्या मशीनवर "इन यूज" कधी 8 च्या वर जाणारच नाही ना. मग आपल्याला 12 हव्यात का 20 ते तिथून कसं कळणार. बघायचा आकडा खाली असतो, "कमिटेड" म्हणून, तो दोन आकड्यांत दाखवतो, अमुक भागिले तमुक. पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागून ठेवलेली मेमरी, मग ती रॅममध्ये असो की पेजफाइलच्या भरवशावर. तो 8 च्या वर जातो. आमच्याकडे तर रोज जायचा.

आता दिवसभर टास्क मॅनेजरकडे डोळे लावून कोण बसणार. मायक्रोसॉफ्टचंच फुकट मिळणारं प्रोसेस एक्स्प्लोरर आहे, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की मेमरीच्या पानावर कमिट चार्जचा "पीक" दिसतो, मशीन सुरू केल्यापासून सगळ्यात वर कुठवर गेला तो आकडा. रात्री मशीन बंद करायच्या आधी तेवढा वहीत लिहायचा आणि समोर त्या दिवशी काय काम केलं ते. ही युक्ती मला जाम आवडली, कारण काहीही न करता घरचा मेमरीचा हिशोब आपोआप जमा होत गेला. बायकोचा साधा दिवस 6 ते 7 जीबी. रिटर्नच्या गडबडीतला दिवस 9 च्या आसपास. माझा स्कॅनचा दिवस 11. आणि सगळ्यात वरचा आकडा 13 च्या थोडा पुढे, तो कुठल्या दिवशी आला तर ज्या दिवशी मी स्कॅनचं काम चालू ठेवून उठलो आणि बायकोने "स्विच युजर" करून तिचं लॉगिन उघडलं.

हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एका मशीनवर दोघं असतील आणि साइन आउट न करता नुसतं युजर बदललं तर पहिल्याचं सगळं मागे चालूच असतं, त्याचा क्रोम, त्याचे टॅब, त्याचं जे काय असेल ते. रॅम दोघांची बेरीज खाते. बायको कित्येक महिने म्हणत होती की तुझं काम चालू असलं की माझं एक्सेल अडकतं आणि मी म्हणत होतो की तुझ्या फायलीच जड आहेत. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघितल्यावर तो वाद तिथेच थांबला, कुणाच्या बाजूने ते सांगत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी, कमिटेडचा आकडा थोडा फुगलेला असतो. प्रोग्रॅम मागून ठेवतात तेवढं सगळं वापरतातच असं नाही, ब्राउझर आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर तर ह्यात माहीर. त्यामुळे 13 कमिटेड म्हणजे 13 जीबी रॅम हवीच असं नाही, त्याहून कमीत चालेल. पण कमीच चालेल, जास्त लागणार नाही, म्हणून वरची मर्यादा म्हणून धरायला तो उत्तम.

तर 13. म्हणजे 16 घेतले की झालं? मित्र बरोबर, भाचा चूक, विषय संपला, असं मलाही दोन दिवस वाटत होतं. पण जुना आय5 म्हणजे चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एकावेळी चारच कामं. नवीन घ्यायचं ठरलं होतं ते एएमडीचं रायझन 7 7700, आठ कोअर आणि सोळा थ्रेड. आणि मी वापरतो ते स्कॅन टेलर अॅडव्हान्स्ड एकावेळी जितके थ्रेड तितकी पानं घेतं. जुन्या मशीनवर एकावेळी चार पानं मेमरीत असायची, नव्यावर सोळा असणार! अर्धा जीबी गुणिले चार म्हणजे 2, गुणिले सोळा म्हणजे 8. म्हणजे काम तेच, मासिक तेच, पान तेच, फक्त प्रोसेसर चांगला घेतला म्हणून 6 जीबी जास्त लागणार. त्या सॉफ्टवेअरच्या माहितीतही लिहिलेलंच आहे की थ्रेड वाढवाल तर मेमरी जास्त लागेल, ती संपू देऊ नका. ओसीआरचंही तेच, मी वापरतो ते ओसीआरमायपीडीएफ आपणहून सगळ्या कोअरवर पानं वाटून टाकतं.

माझं तर मत झालंय की प्रोसेसर आणि रॅम वेगवेगळी ठरवायचीच नाहीत. लोक कोअर मोजून पैसे देतात आणि मग 8 जीबीवर आणून बसवतात, मग सोळा जण एका बाकावर बसल्यासारखी गत.

13 अधिक 6 झाले 19. विंडोज 11 स्वतः विंडोज 10 पेक्षा थोडा जास्त खातो, क्रोमची भूक वर्षाला वाढतेच, आणि 7700 मध्ये आतलंच ग्राफिक्स आहे ते वेगळं कार्ड नसल्याने आपल्या रॅममधूनच हिस्सा घेतं. असं सगळं धरून मी 22 ते 24 वर आलो. म्हणजे 16 कमी, 64 मध्ये अर्ध्याहून जास्त जागा नुसती पडून, 32 बरोबर. इतकं साधं उत्तर. पण भाच्याचं ऐकून घेतलं कारण त्याच्याकडे कारण होतं, नाही असं नाही. त्याला घरच्या मशीनवर एआयची मॉडेल चालवायची होती. "मामा, 64 असले की 70 बिलियनचं मॉडेल बसतं."

बसतं, खरंय. 70 बिलियनचं मॉडेल म्हणजे आत 70 अब्ज आकडे, आणि एकेक आकडा 4 बिटमध्ये दाबला की ते साधारण 40 जीबी होतं. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. एक शब्दाचा तुकडा लिहायला त्याला सगळं मॉडेल मेमरीतून एकदा वाचून काढावं लागतं, आणि डीडीआर5 च्या 6000 वेगाच्या दोन स्टिक असल्या तरी जास्तीत जास्त वेग सेकंदाला 96 जीबी (6000 गुणिले 8 बाइट गुणिले 2 चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले दोन रस्ते), तोही कागदावरचा. 96 ला 40 ने भागा. सेकंदाला दोन तुकडे. एक परिच्छेद यायला दीड-दोन मिनिटं. ग्राफिक्स कार्डाची मेमरी ह्याच्या कितीतरी पट वेगवान असते म्हणून एआयवाली मंडळी कार्ड घेतात, नुसती रॅम वाढवून ते होत नाही. 8 बिलियनचं मॉडेल 5 जीबीच्या आसपास असतं, ते 32 मध्ये आरामात चालतं आणि बऱ्यापैकी भरभर लिहितं. हे त्याला कागदावर मांडून दाखवलं तर म्हणाला, "ठीक आहे, पण पुढे लागतील तेव्हा म्हणू नकोस." आता पुढे काय लागेल ते पुढे बघू.

आणि एरवी मी कदाचित त्याचं ऐकलंही असतं. पाच-सहा महिने आधी असतो तर 32 आणि 64 मधला फरक म्हणजे एखादा चांगला कीबोर्ड, घेऊन टाकलं असतं, डोक्याला ताप नको. पण हे सगळं चालू होतं नोव्हेंबर-डिसेंबर 2025 मध्ये, आणि तेव्हा रॅमच्या भावाला आग लागली होती. जगातल्या बहुतेक रॅमच्या चिप तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम नावाची मेमरी ह्याच तिघी बनवतात, त्यात नफा भरपूर, मग साध्या रॅमच्या वाट्याला उरलंसुरलं. सप्टेंबरात बघून ठेवलेली किट (जोडीने मिळणाऱ्या दोन स्टिक) डिसेंबरात दुपटीच्या वर गेली होती. 3 डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करतोय. क्रुशल! आमच्या जुन्या मशीनमधल्या स्टिकपण क्रुशलच्याच. त्या बातमीनंतर वाट बघण्यात काही राम नाही हे कळलं.

जुनी डीडीआर4 घेऊन पैसे वाचवावेत का हेही बघितलं. एएमडीचा आधीच्या पिढीचा एएम4 बोर्ड, रायझन 5 5600जी प्रोसेसर, सगळं स्वस्तात बसतं. पण डीडीआर4 बनवणंच कंपन्या गुंडाळत आणत होत्या, त्यामुळे तीपण 2025 मध्ये महाग झाली, आणि ती पुढच्या बोर्डात चालत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. मरू घातलेल्या वस्तूचे चढे भाव कशाला द्यायचे. लॅपटॉपचा विषय बायकोने काढला होता, घडी घालून आत ठेवता येतो म्हणून, पण पातळ लॅपटॉपमध्ये आता रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यात दुकानात ठरवाल ती शेवटपर्यंत. माझ्यासारख्या वहीत आकडे लिहिणाऱ्या माणसाला ते नाही झेपत.

आता 32 ठरले तरी 32 कशा, हा पुढचा घोळ. 16 च्या दोन की 32 ची एक? एक घेतली तर एक स्लॉट मोकळा राहतो, पुढे दुसरी टाकता येते, पण तोवर मेमरीचा वेग निम्मा कारण एकच चॅनल चालतो. दुकानात सांगतात की डीडीआर5 ची एक स्टिकसुद्धा ड्युअल चॅनल असते. अर्धसत्य आहे ते. डीडीआर5 च्या एका स्टिकमध्ये 32 बिटचे दोन छोटे चॅनल असतात खरे, सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये तसं दिसतंही, पण दोन स्टिक लावल्या की तेच चार होतात, म्हणजे बेरीज एका स्टिकपेक्षा दुप्पटच. आतल्या ग्राफिक्सवर चालवणाऱ्याला तर हा फरक चांगलाच जाणवतो.

मग दोन घेऊन चार स्लॉटचा बोर्ड घ्यावा, पुढे अजून दोन टाकू? इथे डीडीआर5 ची एक गंमत आहे जी मला आधी माहीत नव्हती आणि दुकानदार आपणहून सांगत नाहीत. एएमडीच्या ह्या प्रोसेसरला दोन स्टिकवर अधिकृत वेग 5200, आणि चारही स्लॉट भरले की अधिकृत वेग उतरतो 3600 वर. काहींची चार स्टिकवर त्याहून वेगात चालतात, काहींची चालूच होत नाहीत, नशिबाचा भाग. डीडीआर3 च्या काळात चार स्लॉट दिसले की चार भरायचे एवढंच माहीत होतं. 24 च्या दोन म्हणजे 48 असाही एक प्रकार मिळतो, माझ्या 22-24 च्या हिशोबाला मोकळाढाकळा बसला असता, पण चौकशी केली तिथे कुणाकडे तयार नव्हता, मागवून देतो म्हणाले आणि भाव येईल तेव्हाचा.

शेवटी 16 च्या दोन, आणि बोर्ड चार स्लॉटचाच घेतला कारण त्यात एम.2 चे (एसएसडी बसवायचे) जास्तीचे स्लॉट आणि बाकी दोन गोष्टी बऱ्या होत्या. पुढे खरंच 64 लागले तर ह्या दोन विकून 32 च्या दोन घेईन, चार भरणार नाही.

32 वर समाधान मानायला आणखी एक कारण होतं, ते पेजफाइलचं. जुन्या मशीनवर एसएसडी छोटी म्हणून पेजफाइल हार्ड डिस्कवर ठेवलेली, त्यामुळे रॅम संपली की मशीन अक्षरशः मरायचं, माउस हलायचा नाही, डिस्कचा कर्र कर्र आवाज. रॅमला एखादी गोष्ट शोधून द्यायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, हार्ड डिस्कला 10 मिलिसेकंद, म्हणजे लाख पटीचा फरक. एनव्हीएमई ह्या वेगवान प्रकारच्या एसएसडीला लागतात 100 मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर, म्हणजे हजार पट. हजार पट हाही काही कमी फरक नाही, पण कधीमधी एकदोन जीबी बाहेर ढकलले गेले तर माणूस चहा करायला उठत नाही. म्हणून 64 चे वाचवलेले पैसे मी 2 टीबीच्या एनव्हीएमईत घातले, स्कॅनच्या मूळ फायली ठेवायलाही ती लागणारच होती.

खरेदीला लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. डोंबिवलीहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, बाहेर पडलं की चालत. ऑनलाइन भाव फार वेगळा नव्हता, पण रॅम मला हातात बघून घ्यायची होती, सीलबंद पाकीट आणि स्टिकवरचा सीरियल नंबर बिलावर टाकून. बऱ्याच कंपन्या रॅमवर लाइफटाइम वॉरंटी देतात, पण ती वापरायची तर बिल नीट हवं. एका दुकानात बिल नको असेल तर कमी करून देतो म्हणाले, तिथून निघालो. दुसऱ्याने फोन करून भाव विचारला, खाली ठेवला, म्हणाला, "अंकल, आज का भाव आज का है, कल का मेरे को भी नहीं मालूम." दुकानदाराला भावाचं इतकं टेन्शन आलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्यानेही एक प्रयत्न केला, 16 ची एकच घ्या, उरलेली भाव उतरल्यावर टाका. माणूस वाईट नव्हता, त्याच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना तेच परवडत असणार. पण माझ्या वहीत 22 लिहिलेलं होतं, मी म्हटलं नाही, 16 च्या दोनवाली किट द्या, 6000 ची, एक्स्पोवाली.

असेंबल त्यानेच करून दिलं. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी, पंखे फिरतायत, दिवे लागलेत आणि समोर काही नाही. मी त्याच्याकडे बघतोय, तो मोबाइलवर. म्हणाला, ट्रेनिंग चालू आहे, हात लावू नका. डीडीआर5 मध्ये बोर्ड पहिल्यांदा रॅमशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. ज्याला हे माहीत नाही तो तिथेच बटण दाबून बंद करणार आणि रॅम खराब आली म्हणून भांडणार. आणि दुसरी गोष्ट, 6000 ची रॅम घेतली म्हणून ती आपोआप 6000 वर चालत नाही, आल्या आल्या ती 4800 वर चालते, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो चालू करावं लागतं. इंटेलवाल्यांकडे त्याला एक्सएमपी म्हणतात. कागदोपत्री ह्याला ओव्हरक्लॉकिंगच (ठरल्या वेगाच्या वर पळवणं) धरतात, त्यामुळे चालू केल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवायचा, पेनड्राइव्हवरून चालतो, सकाळी एकही एरर नको. स्कॅनच्या कामात तर हे फार महत्त्वाचं, रॅम अधूनमधून चुकत असेल तर मशीन बंद पडणार नाही कदाचित, पण पानावर कुठेतरी रेघ येईल आणि ती छापतानाची की स्कॅनची की रॅमची ते जन्मात कळणार नाही. माझा टेस्ट स्वच्छ गेला.

आता बरेच दिवस झाले वापरून. वही अजून चालू आहे. साधा दिवस 10 ते 11 दाखवतो, जुन्या मशीनवर तोच 6-7 होता, म्हणजे विंडोज 11 ने आणि ब्राउझरने आपापला वाटा मोकळी जागा बघून वाढवून घेतलाय. सोळा थ्रेडवर स्कॅनचं काम आणि पलीकडे बायकोचं लॉगिन चालू असा सगळ्यात जड दिवस गेला 25 च्या जरा वर. माझ्या अंदाजापेक्षा थोडा जास्तच. काही पानं रंगीत आणि ए4 हून मोठी होती त्याचा तो परिणाम, जाहिरातींची घडीची पानं. तशी पानं आली की मी थ्रेड सोळावरून दहावर आणतो, काम चालू असतानाच आकडा बदलता येतो, वेळ थोडा जास्त लागतो आणि कमिटेड लगेच उतरतं. 64 चे पैसे ह्या एका सेटिंगने वाचले म्हटलं तरी चालेल. उलट कुणाचं काम असं असेल की थ्रेड कमी करायची सोयच नाही, मोठे व्हिडिओ, चारपाच व्हर्च्युअल मशीन एकदम, तर त्याने माझं ऐकू नये, आपला पीक मोजावा आणि 64 निघाले तर 64 घ्यावेत, भाव कितीही असो.

भाचा आला होता मध्ये, टास्क मॅनेजर उघडून म्हणाला, "बघ, 9 वापरलीयस आणि बाकी सगळी पडून, उगाच 32 घेतलीस." हाच मला 64 घे म्हणत होता. त्याला खालचा "कॅश्ड" चा आकडा दाखवला, 17 जीबीच्या वर होता, सकाळी उघडलेल्या स्कॅनच्या फायली विंडोजने धरून ठेवलेल्या, म्हणून त्याच फायली परत उघडल्या की डिस्कपर्यंत जावंच लागत नाही. पडून काही नव्हतं. त्याने 8 बिलियनचं मॉडेल टाकून बघितलं, मराठीत प्रश्न विचारले, उत्तरं भरभर आली, बरोबर किती होती तो वेगळा विषय. जाताना सांगून गेला की तू जुन्या मशीनमधल्या त्या डीडीआर3 च्या स्टिक फेकू नकोस, त्याच्या मित्राला हव्यात.